बंद पडलेलं जुनं घड्याळ शिकायला घेऊ नका (मशीन खोलणे-जोडणे: सविस्तर उत्तर)

देवगडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: आजोबांचं एचएमटी जनता घड्याळ बरीच वर्षं कपाटात बंद पडून आहे. ते उघडून मशीन खोलायला-जोडायला शिकावं का, हत्यारं कोणती घ्यावीत, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत सुटे भाग गंजणार नाहीत का?

जनताला इतक्यात हात लावू नका. बंद घड्याळ खोललं, जोडलं आणि ते बंदच राहिलं, तर दोष आधीचा की तुमच्या हातून झालेला, हे समजायला काही मार्ग उरत नाही. वाळलेलं तेल, तुटलेली मेन स्प्रिंग (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग), वाकडा पिव्हट (चाकाच्या दांड्याचं बारीक टोक), यातलं काहीही आधीपासून असू शकतं. शिकण्यासाठी मशीन चालतं असावं. चालत होतं, खोललं, जोडलं, आता चालत नाही, म्हणजे चूक शेवटच्या तासाभरातली आहे आणि ती शोधली की सापडते.

मशीन कोणतं? युनिटास ६४९७ किंवा त्याची चिनी नक्कल सीगल एसटी ३६. मूळचं खिशातल्या घड्याळाचं मशीन, व्यास ३६.६ मिमी, हाताने चावी द्यायचं, १७ ज्वेल (झीज टाळायला बसवलेले बारीक दगड), तारीख नाही, ऑटोमॅटिकची भानगड नाही. जनताचं मशीन याहून बरंच लहान असतं आणि नवख्या हाताला तो फरक फार जाणवतो. चिनी मशीन नुसतं, डायल-काट्यांशिवाय मिळतं, तेच घ्या. काटे काढण्या-बसवण्याची कला वेगळी आहे, ती नंतर शिकता येईल. बाजारपेठेतल्या घड्याळजीकडून जुनं चालतं एचएमटी मिळालं तरी हरकत नाही, पण डायल नव्याने रंगवून 'नवंकोरं' म्हणून ऑनलाइन विकतात ती घेऊ नका. आत चार घड्याळांचे भाग एकत्र केलेले असतात आणि दोन स्क्रू एकसारखे सापडतील तर शपथ.

हत्यारांवर सुरुवातीला फार पैसे घालू नका, अपवाद दोन: चिमटा आणि स्क्रूड्रायव्हर. स्वस्त चिमट्याची टोकं जुळत नाहीत, भाग तिरका धरला जातो आणि टणकन उडतो. ३ नंबरचा एक चिमटा पुरे, ५ नंबरचा फार नाजूक, तो पुढे घ्या. स्क्रूड्रायव्हर ०.८, १.०, १.२ आणि १.६ मिमी. पातं स्क्रूच्या खाचेत तळापर्यंत आणि जवळजवळ पूर्ण रुंदीभर बसलं पाहिजे. अरुंद पातं खाच फाडतं, रुंद पातं बाजूच्या पितळेवर ओरखडे काढतं. याशिवाय डोळ्याला लावायचं ४ पटीचं भिंग, मशीन धरायचा होल्डर, हवेचा रबरी फुगा, रॉडिको (घाण टिपणारा चिकट लगदा), टोक काढलेल्या बारीक लाकडी काड्या, रबरी बोटमोजे आणि झाकण असलेला कप्प्यांचा डबा. गोळ्या ठेवायचा आठवड्याचा डबा चालतो. ज्या ब्रिजचे (चाकं वरून धरून ठेवणाऱ्या पट्टीचे) स्क्रू, त्या ब्रिजच्याच कप्प्यात. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर पलीकडून टोक बाहेर येऊन एखादं चाक अडवतो, आणि मग तासभर चूक भलतीकडेच शोधली जाते.

खोलण्याआधी मशीनला पूर्ण चावी देऊन मोबाइलवरच्या टायमिंग अ‍ॅपने किंवा टाइमग्राफरने (टिकटिक मोजणाऱ्या यंत्राने) नोंद घ्या: दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, ॲम्प्लिट्यूड (बॅलन्स, म्हणजे मागे-पुढे झुलणारं चाक, किती अंश झुलतं) किती, बीट एरर (टिक आणि टक यांच्यातल्या वेळेचा फरक) किती. ६४९७ साठी लिफ्ट अँगल (ॲम्प्लिट्यूड काढायला अ‍ॅपला लागणारा मशीनचा ठरावीक कोन) ४४ अंश ठेवा. एसटी ३६ तासाला २१,६०० ठोके देतं, जुनं ६४९७-१ १८,०००. पूर्ण चावीवर, मशीन आडवं असताना ॲम्प्लिट्यूड २७० ते ३०० अंशांच्या आसपास असेल तर मशीन निरोगी. ही नोंद जपून ठेवा, पुढे सगळी परीक्षा तिच्यावरच आहे.

आता पहिलं काम, चावी उतरवणं, म्हणजे मेन स्प्रिंगचा ताण सोडणं. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. क्राउन (चावी द्यायची गोल कळ) चिमटीत घट्ट धरा, किंचित चावी देण्याच्या दिशेने फिरवा म्हणजे क्लिकवरचा (चावी उलटी फिरू न देणाऱ्या खिट्टीवरचा) ताण सुटतो. लाकडी काडीने क्लिक बाजूला दाबून धरा आणि क्राउन बोटांत घसरू देत हळूहळू उलटा सोडा. सुटला तर स्प्रिंग एका झटक्यात मोकळी होते, आणि क्लिक मोडणं किंवा दाते खराब होणं ठरलेलं. मग बॅलन्स काढा: कॉकचा (बॅलन्स वरून धरणाऱ्या ब्रिजचा) स्क्रू सोडवा, कॉकच्या कडेला असलेल्या खाचेत पातं घालून किंचित उचला, चिमट्याने कॉक सरळ वर घ्या. चाक हेअर स्प्रिंगला (केसासारख्या बारीक वेढ्यांच्या स्प्रिंगला) लोंबकळत येईल. मध्ये अडकलं तर ओढायचं नाही, थोडं फिरवून सोडवायचं. ताणलेली हेअर स्प्रिंग सरळ करणं हे वर्षानुवर्षांच्या हाताचं काम आहे.

बॅलन्स निघाला की पॅलेट फोर्कला (शेवटच्या चाकाला ठोक्यागणिक अडवून सोडणाऱ्या लहानशा तरफेला) काडीचं टोक लावून पाहा. तो टचकन दुसऱ्या बाजूला उडाला तर अजून ताण शिल्लक आहे. तसाच फोर्क काढलात तर सगळी चाकं सुसाट फिरतात आणि पिव्हट तुटू शकतो. मरगळल्यासारखा हलला की खुशाल काढा. पुढे रॅचेट व्हील आणि क्राउन व्हील (चावीची दोन चाकं), ब्रिज, चाकं, बॅरल (मेन स्प्रिंगची डबी). बऱ्याच मशीनांत क्राउन व्हीलचा स्क्रू उलट्या आट्यांचा असतो, डोक्यावर एकाऐवजी तीन रेघा दिसतात. कुठलाही स्क्रू हटत नसेल तर जोर लावण्याआधी उलट फिरवून बघा.

डायलच्या बाजूचा चावी-सेटिंगचा भाग पहिल्या एक-दोन फेऱ्यांत खोलूच नका. खोलाल तेव्हा सेटिंग लीव्हरच्या (स्टेम, म्हणजे क्राउनचा दांडा, धरणाऱ्या भागाच्या) पट्टीखालच्या तारेच्या स्प्रिंगवर नजर ठेवा. पट्टी उचलली की ती स्प्रिंग उडते. पारदर्शक प्लास्टिक पिशवीत हात घालून एवढं एक काम केलं तर ती पिशवीतच राहते. स्टेम काढताना सेटिंग लीव्हरचा स्क्रू एक-दीड फेराच सैल करायचा. पूर्ण काढला तर लीव्हर पलीकडे सुटून पडतो आणि स्टेम परत धरत नाही. सगळं निघाल्यावर रिकाम्या मेन प्लेटवर (तळाच्या मुख्य पत्र्यावर) बॅलन्स आणि कॉक पुन्हा स्क्रूने बसवून ठेवा, त्याची सर्वांत सुरक्षित जागा तीच.

जोडताना खरा घाम ट्रेनच्या (एकमेकांत अडकलेल्या चाकांच्या रांगेच्या) ब्रिजला फुटतो. तीन-चार चाकांचे वरचे पिव्हट एकाच वेळी आपापल्या ज्वेलमध्ये जायला हवेत. ब्रिज अलगद ठेवा, वरून काडीने पिसाएवढा दाब द्या आणि दुसऱ्या काडीने एकेक चाक किंचित सरकवा. पिव्हट ज्वेलमध्ये गेला की ब्रिज त्या बाजूने खाली बसल्याचं भिंगातून दिसतं. ब्रिज आणि प्लेटमध्ये केसभरही फट दिसत असेल तर स्क्रूला हात लावू नका. फट स्क्रूने दाबून घालवणं म्हणजे पिव्हट मोडणं किंवा ज्वेल फोडणं. स्क्रू पाव फेरा आवळा, बॅरलचे दाते काडीने जरा ढकला, एस्केप व्हीलपर्यंत (ट्रेनच्या शेवटच्या चाकापर्यंत) सगळी चाकं फिरतात का पाहा, मग पुढचा पाव फेरा. पूर्ण आवळल्यावर प्रत्येक चाक चिमट्याने वर-खाली हलवून बघा, किंचित खेळ जाणवला पाहिजे. फोर्क बसवण्यापूर्वी चावीचे एक-दोन दातेच द्या. चाकं मोकळी फिरून थांबताना एस्केप व्हील थोडं उलटं फिरलं तर ट्रेन मोकळी आहे. मग फोर्क, मग थोडी चावी, फोर्क दोन्हीकडे टचटच उडतोय ना ते पाहा आणि शेवटी बॅलन्स. कॉकचा स्क्रू आवळण्याआधीच बॅलन्स झुलायला लागला पाहिजे. स्क्रू आवळताना थांबला तर लगेच सैल करा, पिव्हट बाहेर आहे.

आता पुन्हा नोंद घ्या. ॲम्प्लिट्यूड २८० वरून २२० वर आली तर ट्रेनमध्ये धागा किंवा कचरा आहे, नाहीतर कुठलं तरी चाक दाबलं गेलंय. घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे धावू लागलं तर हेअर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटलेत: एकतर त्यांना तेल लागलंय किंवा मशीन चुंबकित झालंय. चुंबक काढायचं छोटं यंत्र मिळतं. बटण दाबून घड्याळ हातभर लांब न्यायचं, मगच बटण सोडायचं.

ही पूर्ण फेरी, तेल न घालता, बॅरल न उघडता, नोंद पहिल्याइतकीच येईपर्यंत करत राहा. बहुतेक जण तेलाची घाई करतात, आणि जास्त तेल कमी तेलापेक्षा वाईट.

दमट हवेचं. घाटावरचे व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांना इथे दोन गोष्टी नडतात. पंखा बंदच ठेवावा लागतो, त्याच्या वाऱ्याने हेअर स्प्रिंगएवढा भागही टेबलावरून जातो. आणि पंखा बंद म्हणजे घाम. घामाचा ठसा उमटलेला पोलादी भाग, मग तो रॅचेट व्हील असो, स्टेम असो की स्क्रू, या खाऱ्या हवेत थोड्याच दिवसांत तांबूस पडतो. बोटमोजे घालाच, कपाळाला पट्टी बांधा, पडवीत न बसता आतल्या खोलीत बसा. पावसाळ्यात दिव्यावर येणारी पाखरं मशीनवर पडतात, एप्रिल-मेमध्ये लाल मातीची धूळ. शिकायला हंगाम चांगला तो दिवाळी ते होळी. अर्धवट खोललेलं मशीन रात्रभर टेबलावर राहू देऊ नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. केशरी दाणे हिरवे पडले की मंद आचेवर कोरड्या कढईत पुन्हा केशरी होईपर्यंत तापवा. तांदूळ नको, त्याची पूड उडते. भिंगही त्याच डब्यात, नाहीतर काचेला बुरशी धरते. टेबलाखाली पांढरी चादर अंथरा. सारवलेल्या जमिनीवर पडलेला स्क्रू गेल्यात जमा, लादीवर पडलेला मात्र बॅटरी जमिनीलगत आडवी धरली की सावलीने सापडतो.

हात बसल्यावर धुणं आणि तेल. लायटरचं पेट्रोल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. पेट्रोल चुलीपासून, देवघरातल्या दिव्यापासून लांब ठेवा. अल्कोहोलमध्ये फोर्क आणि बॅलन्स बुडवून ठेवू नका, त्यातले दगड लाखेने बसवलेले असतात आणि लाख विरघळते. अल्कोहोल हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणून बाटली लगेच बंद करा आणि भाग धुतल्याबरोबर कोमट हवेने वाळवा. वेगाने फिरणाऱ्या पिव्हटांना आणि बॅलन्सला मोबियस कंपनीचं ९०१० तेल, सेंटर व्हील आणि बॅरलला जाडसर एचपी १३००, पॅलेटच्या दगडांना ९४१५, चावीच्या भागाला ग्रीस. फोर्कच्या पिव्हटांना तेल घालत नाहीत. ज्वेलच्या वाटीत तेलाचं वर्तुळ अर्धं-पाऊण भरलेलं दिसलं की थांबा.

मग जनता. एचएमटीने १९६१ साली सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळं बनवायला घेतली, आणि घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. म्हणून सुटे भाग दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच काढावे लागतात, एक जोडीचं भंगार मशीन आधीच मिळवून ठेवा. क्राउन फिरत राहतो आणि कधीच घट्ट होत नाही, तर मेन स्प्रिंग तुटली असेल किंवा क्लिक धरत नसेल. चावी भरली पण टिकटिक नाही, तर बहुधा तेल वाळलंय. हलवून-झटकून चालवू नका, कोरडे पिव्हट झिजतात. डायलवर पॅराशॉक (बॅलन्सला धक्क्यापासून जपणारी रचना) लिहिलेलं असेल तर बॅलन्सच्या वरच्या ज्वेलची बारीक स्प्रिंग सगळ्यात शेवटी, भंगार मशीनवर सराव करून उघडा.

किनाऱ्यावरच्या जुन्या घड्याळांत स्टेमच्या बाजूचा एखादा स्क्रू गंजून डोक्यापासून तुटतो आणि आट्या प्लेटमध्येच राहतात. ड्रिल लावू नका. प्लेटवरचा पोलादाचा एकूण एक भाग काढा, काचेच्या वाटीत तुरटीचं दाट गरम पाणी करून नुसती पितळी प्लेट त्यात बुडवा आणि पाणी कोमट राहील असं बघा. तुरटी पोलाद खाते, पितळेला सोडते. तुटक्या स्क्रूवरून बुडबुडे यायला लागतील. काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो. काळा गाळ उरला की काडीने ढकलून काढा, प्लेट भरपूर पाण्याने आणि मग अल्कोहोलने धुऊन लगेच वाळवा.