गाडीचं विचारा : होंडा आहे म्हणून डोळे झाकून घ्यायची का?

या वेळी तीनच पत्रं घेतोय, कारण पहिल्याचं उत्तर लिहिता लिहिता लांबलं.

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो, दोन मुलं आहेत, मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत आणि आमच्याकडे फक्त एक सेडान. मंडळातले एक काका त्यांची २००३ ची होंडा ओडिसी मिनीव्हॅन १,८०० डॉलरला देतो म्हणतायत. १ लाख ६२ हजार माईल झालेत, आतून स्वच्छ आहे, डिकीत मखराच्या थर्माकोलचे चार कण सापडले तेवढेच. नवरा म्हणतो होंडा आहे ना, मग बघायचं काय त्यात. पण ऑफिसमधला एक मित्र म्हणाला त्या सालच्या ओडिसीचं ट्रान्समिशन जातं म्हणजे जातंच. खरं काय आणि होंडाकडून असं झालंच कसं? काकांना नाही म्हणणंही अवघड आहे, दर रविवारी भेटतात.

उत्तर : मित्र बरोबर सांगतोय, फक्त त्याच्या 'जातंच' मधला च काढून टाका. आणि नवऱ्याला सांगा की होंडाचं इंजिन आणि होंडाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स (मित्र ज्याला ट्रान्समिशन म्हणतो तोच) या निदान त्या पाच-सहा वर्षांपुरत्या तरी दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओडिसी आधी अशी नव्हतीच. १९९४ ला जपानमध्ये आली ती अकॉर्डच्याच प्लॅटफॉर्मवर आणि उंचीला बुटकी, कारण होंडाकडे तेव्हा मिनीव्हॅनसाठी वेगळा कारखानाच नव्हता, जी गाड्यांची लाइन होती तिच्यातून जाईल एवढीच उंच गाडी करायची होती, म्हणून सरकती दारंही नाहीत, साधी चार दारं. जपानमध्ये दणक्यात खपली, अमेरिकेत लोकांना ती मिनीव्हॅन वाटेचना. मग १९९९ च्या मॉडेलला होंडाने अमेरिकेसाठी वेगळीच मोठी गाडी काढली, कॅनडात ओंटारियोमधल्या अ‍ॅलिस्टनला बनवलेली, ३.५ लिटरचं व्ही-६ इंजिन, दोन्ही बाजूंना सरकती दारं आणि शेवटची सीट जमिनीतल्या खड्ड्यात गुडुप. डीलरकडे नंबर लावून थांबायला लागायचं. आपल्या लोकांत जी 'ओडिसी म्हणजे ओडिसी' अशी ख्याती आहे ती इथली, आणि गिअरबॉक्सची रडकथाही इथलीच.

गिअरबॉक्सचं जरा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. बाकीच्या बहुतेक कंपन्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये प्लॅनेटरी गिअर असतात, मधे एक चक्र आणि भोवती छोटी चक्रं फिरणारी. होंडाने आपली वेगळी चूल मांडली, मॅन्युअल गाडीसारखे समांतर शाफ्ट, त्यावर कायम एकमेकांत अडकलेल्या गिअरच्या जोड्या, आणि ज्या जोडीचं काम असेल तिचा क्लच ऑइलच्या प्रेशरने पकडायचा. हुशार डिझाइन आहे, छोट्या गाड्यांत वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं. पण अकॉर्ड व्ही-६ पेक्षा ओडिसी हजारेक पाउंड जड, त्यात सात माणसं, वर कॅरिअर, आणि नायगराला जायचं म्हटलं की पेनसिल्व्हेनियाचे चढ. क्लच घासायला लागले, त्याचा चुरा ऑइलमध्ये, तो चुरा बारीक नळ्यांत, मग प्रेशर पडतं, मग क्लच अजून घासतो. एकदा हे चक्र सुरू झालं की थांबत नाही.

१९९९ ते २००१ च्या गाड्यांत चार गिअरचा बॉक्स होता, तक्रारी एवढ्या आल्या की होंडाने ट्रान्समिशनची वॉरंटी ७ वर्षं किंवा १ लाख माईलपर्यंत वाढवली. २००२ ला पाच गिअरचा बॉक्स आला, इंजिनची ताकद २१० वरून २४० हॉर्सपॉवर झाली, सगळ्यांना वाटलं सुटलो. तर एप्रिल २००४ ला रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या, एकट्या अमेरिकेत ११ लाखांच्या आसपास गाड्या, २००२ ते २००४ ची ओडिसी, सोबत पायलट, अकॉर्ड व्ही-६, होंडाच्याच अ‍ॅक्युरा ब्रँडच्या टीएल, सीएल, एमडीएक्स, सगळ्या एकाच खानदानातला गिअरबॉक्स असलेल्या. दुसऱ्या गिअरच्या दात्यांवर ऑइल पुरेसं पोचत नव्हतं, तिथे उष्णता साठायची, दाते तुटू शकायचे, आणि तुटलेला दाता मधे अडकला तर ट्रान्समिशन चालत्या गाडीत जाम. यात फक्त खिशाला चाट नव्हती, जिवाशी गाठ होती, म्हणून रिकॉल.

उपाय काय केला तर ज्या गाड्या १५ हजार माईलच्या आत होत्या त्यांना त्या गिअरवर थेट ऑइल मारणारा एक छोटा जेट बसवला. त्याच्या पुढच्या गाड्यांत डीलर आधी आतल्या दुसऱ्या गिअरचा रंग बघायचे. लोखंड जास्त तापलं की निळसर-जांभळं पडतं, आपला रिकामा तवा गॅसवर विसरला की पडतो ना, तसं. रंग बदललेला दिसला तर अख्खा बॉक्स नवा, नाहीतर जेट लावून घरी. तुमच्या काकांची गाडी २००३ ची म्हणजे बरोब्बर याच गटातली.

आता कामाचं. गिअरबॉक्सच्याही आधी एक गोष्ट करा, गाडीचा १७ आकडी व्हिन नंबर घ्या (पुढच्या काचेखाली ड्रायव्हरच्या बाजूला बाहेरूनच दिसतो) आणि अमेरिकन सरकारचं वाहन-सुरक्षा खातं आहे एनएचटीएसए, त्याच्या साइटवर टाका. २००२ ते २००४ ची ओडिसी टकाटा कंपनीच्या एअरबॅगच्या रिकॉलमध्येही आहे. त्या एअरबॅगमधला अमोनियम नायट्रेट दमट गरम हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडतो आणि बॅग फुगताना आतला धातूचा डबाच फुटतो, तुकडे थेट ड्रायव्हरच्या अंगावर. लोक त्यात गेलेत. ते काम राहिलेलं दिसलं तर पैसे देण्याआधी काकांनाच डीलरकडे जाऊन करून आणायला सांगा, फुकट होतं. गिअरबॉक्स पैशाने भरून निघतो, हे नाही.

मग काकांकडे कागद मागा. काका नीटनेटके वाटतायत, फाइल असेलच. त्यात तीन गोष्टी शोधा, २००४ चा रिकॉल झाल्याची पावती, ट्रान्समिशन कधी बदललंय का, आणि टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा). बेल्ट १ लाख ५ हजार माईल किंवा ७ वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदलायचा असतो, सोबत वॉटर पंप. हे इंजिन असं आहे की बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि सगळं संपतं. एवढ्या जुन्या गाडीत वर्षांच्या हिशोबानेच तो निदान दोनदा बदललेला असायला हवा. नसेल तर ते बिल १,८०० मध्ये मिळवून बघा, मग ठरवा स्वस्त आहे का.

टेस्ट ड्राइव्ह पार्किंग लॉटमध्ये दोन फेऱ्या मारून करू नका. गाडी पूर्ण गरम होऊ दे, अर्धा तास चालवा, हायवेला घ्या, एखादा चढ बघा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला हिसका बसतो का, आरपीएमचा काटा वर जातो आणि गाडी मात्र जागेवरच असं होतं का ते बघा. डॅशबोर्डवर गिअर दाखवणारा हिरवा डी असतो, तो उघडझाप करायला लागला तर ते 'आता थांब' असं गाडीच सांगत असते. चेक इंजिनच्या लाइटवर पी-०७४० किंवा पी-०७३० असा ट्रान्समिशनच्या बिघाडाचा कोड निघाला तर नमस्कार करून निघा. परत आल्यावर इंजिन बंद करून मिनिटभरात ट्रान्समिशनची डिपस्टिक काढा, पांढऱ्या टिश्यूवर पुसा. लालसर ठीक. चहासारखं तपकिरी असेल आणि जळका वास येत असेल तर काकांशी बोलणं आपोआप सोपं होतं.

शंभर-दीडशे डॉलर देऊन बाहेरच्या मेकॅनिककडून तपासून घ्या आणि त्याला ट्रान्समिशनचा ड्रेन बोल्ट उघडायला सांगा. त्याच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी चिखलाचा बारीक थर असतो तो चालतो, एवढ्या वयात असणारच. खडे, चकत्या, सुया दिसल्या तर नाही. आणि घेतलीत तर ऑइल फक्त होंडाचंच, पूर्वी झेड-१ होतं आता डीडब्ल्यू-१. एका वेळी तीनेक क्वार्टच निघतं, उरलेलं आतच राहतं, म्हणून थोडी चालवून तीनदा बदला. मशीन लावून फ्लश करतो म्हणणाऱ्याला नको म्हणा.

माझ्याकडे एके काळी जी व्हॅन होती तिची कंपनी सांगत नाही, पण पेनसिल्व्हेनियातल्या एका चढावर आरपीएम पाच हजार आणि स्पीड ३५ असा प्रकार झाला. मागे सासूबाई, त्यांच्या मांडीवर चिवड्याचा डबा, मुलं झोपलेली. टो ट्रक येईपर्यंत दोन तास हायवेच्या कडेला शोल्डरवर बसून तो चिवडा संपला. सासूबाई आजही फोनवर 'ती गाडी विकलीत ना' असं विचारतात, विकून चौदा वर्षं झाली. त्या गाडीचं ट्रान्समिशन ऑइल आधीच्या मालकाने कधी बदललंच नव्हतं हे मला नंतर कळलं, आणि मी विचारलंही नव्हतं, कारण तो ओळखीचा होता.

आपल्याकडे खरी अडचण हीच आहे, गाडीची चौकशी म्हणजे माणसावर संशय असं वाटतं. काकांना सरळ सांगा, 'काका, आई-बाबांना घेऊन फिरायचंय, एकदा मेकॅनिकला दाखवून घेते.' भले माणूस असतील तर स्वतःच किल्ली देतील. सगळं ठीक निघालं, बेल्टची पावती मिळाली, तर सहा महिन्यांसाठी १,८०० मध्ये याहून बरी गाडी मिळणं कठीण आहे, मी तरी घेईन. बेल्ट झालेला नसेल तर हजारावर मागा. आणि ऑइल जळकं असेल तर आई-बाबांसाठी लांबच्या ट्रिपपुरती व्हॅन भाड्याने घ्या, रोजच्या देवळा-दुकानाला सेडान पुरते.

प्रश्न : फ्रीमाँटला एक २००७ ची ओडिसी टूरिंग फार स्वस्तात दिसली, जाहिरातीत 'पॅक्स टायर काढले, नवीन रिम' असं लिहिलंय. काही भानगड आहे का? शिवाय या गाड्यांत तीन सिलिंडर बंद होतात म्हणे, ते बंद पडणं बंद करायचं यंत्र मिळतं ते लावू का?

उत्तर : टायर काढलेत ही भानगड नाही, चांगली बातमी आहे. त्या टूरिंगला मिशेलिनचे पॅक्स रनफ्लॅट टायर यायचे, आत एक आधाराची रिंग, पंक्चर झालं तरी ५० च्या स्पीडने १२५ माईल जाता येईल अशी कल्पना. म्हणून स्टेपनीच दिली नाही. पण रिम ४६० मिलिमीटरचं, त्यावर दुसरा कुठलाच टायर बसत नाही, बदलायला वेगळं मशीन लागतं जे कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे नसतं, आणि किंमत डोळे पांढरे करणारी. लोक कोर्टात गेले, शेवटी तो प्रकारच बंद पडला. आधीच्या मालकाने साधी रिम घातली असतील तर तुमचा खर्च त्याने केलाय, फक्त स्टेपनी आणि जॅक गाडीत ठेवलेत का विचारा.

सिलिंडर बंद होतात ते पेट्रोल वाचवायला, २००५ पासून वरच्या मॉडेलना ती सोय आहे. पुढे २००८ ते २०१३ च्या ओडिसीत बंद राहणाऱ्या सिलिंडरमध्ये ऑइल चढून स्पार्क प्लग काळे पडायच्या तक्रारी आल्या, खटला झाला, २०१३ मध्ये तडजोड होऊन वॉरंटी वाढवून मिळाली. तुमची त्या यादीत नाही. ते यंत्र म्हणजे फार काही नसतं, इंजिन अजून थंड आहे असं गाडीला खोटं सांगतं, मग ती सिलिंडर बंदच करत नाही. मी लावणार नाही. महिन्यातून एकदा इंजिन ऑइलची डिपस्टिक बघा, पातळी झपाट्याने उतरत असेल तर तेव्हा बघू. त्यापेक्षा आधी इंजिन माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) तपासा, सिलिंडर बंद होताना स्टिअरिंग थरथरलं तर ते गेलेत.

प्रश्न : मी सांगलीची, लेकाकडे डॅलसला आले आहे. गाडीचं सरकतं दार मी हाताने ओढून लावलं तर लेक ओरडला. माझं काय चुकलं?

उत्तर : काकू, तुमचं काही चुकलं नाही, आयुष्यभर एसटीची आणि सुमोची दारं आपटून लावल्यावर हात तसाच जाणार. त्या दाराला मोटर आणि आत बारीक केबल असते. ती दार ओढत असताना आपण जोर लावला की केबलला ताण बसतो, कधी तुटते, आणि दुरुस्ती महाग. हँडल एकदा हलकेच ओढून सोडून द्यायचं, दार आपोआप येतं, पीप पीप वाजेपर्यंत पिशव्या लांब धरायच्या. वेळ लागतो खरा. लेकाला मात्र विचारा की दाराखालच्या रुळातली माती शेवटची कधी पुसलीस, कारण दार अडकण्याचं कारण बहुतेक वेळा तीच असते. जुना टूथब्रश आणि ओलं फडकं, दहा मिनिटांचं काम आहे.