‘उचलबांगडी’ फुटबॉल मॅनेजरची होते का?

महात्मानगरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. मुलाबरोबर ते प्रीमियर लीग बघतात. चार-सहा सामने हरले की क्लब मॅनेजरला, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला, काढतो, आणि मराठीत त्याच बातमीला कुणी उचलबांगडी म्हणतं, कुणी हकालपट्टी, कुणी डच्चू, तर कुणी नारळ. हे सगळं एकच का? आणि ‘परस्परसंमतीने विभक्त’ झाले म्हणजे नक्की काय झालं?

एकच नाही. मथळ्यात किती अक्षरांची जागा उरली यावरून शब्द ठरतो, असा मला दाट संशय आहे.

उचलबांगडी म्हणजे हातपाय धरून उचलायचं आणि न्यायचं. उचलून नेलेला माणूस कुठेतरी ठेवावा लागतो. म्हणून हा शब्द शोभतो सरकारी बदलीला. नाशिककरांना उदाहरण शोधायला लांब जायला नको: फेब्रुवारी २०१८ मध्ये महापालिकेत आलेले आयुक्त तुकाराम मुंढे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बदलून गेले. खुर्ची गेली, नोकरी राहिली. फुटबॉल क्लबजवळ मॅनेजरला ठेवायला दुसरा जिल्हा नसतो. तेव्हा उचलबांगडी इथे चुकीची. (कोळ्यांच्या ‘पांगडी’ नावाच्या जाळ्यावरून हा शब्द आला, अशी एक कथा फिरत असते. कथा झकास आहे, म्हणूनच मी तिच्यावर जरा कमी विश्वास ठेवतो.)

बडतर्फ तर अजिबात नको. महाराष्ट्राच्या नागरी सेवा नियमांत ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फ करणे’ या दोन वेगळ्या शिक्षा आहेत; बडतर्फ झालेल्याला सामान्यतः पुन्हा सरकारी नोकरी मिळत नाही. मॅनेजरचं उलट असतं. लेस्टर क्लबला २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकून देणाऱ्या क्लाउडिओ रानिएरींना फेब्रुवारी २०१७ मध्ये काढलं, आणि त्याच उन्हाळ्यात ते फ्रान्समध्ये नांतचे प्रशिक्षक झाले होते. हकालपट्टीतही गुन्ह्याचा वास येतो. पक्षविरोधी कारवाया केल्या म्हणून होते ती हकालपट्टी. रानिएरींनी काय केलं होतं? संघ खाली घसरत होता, एवढंच. पंचवीस खेळाडू एकदम बदलता येत नाहीत, एक माणूस बदलता येतो.

डच्चू खेळाडूला मिळतो, किंवा मंत्र्याला. संघ किंवा मंत्रिमंडळ तेच राहतं, यादीतून एक नाव गळतं.

माझं मत नारळाला. निरोप देताना हातावर श्रीफळ ठेवायची रीत, तिच्यातून ‘नारळ दिला’ म्हणजे काढून टाकलं हा खवचट अर्थ आला. फुटबॉलमध्ये तो फारच चपखल बसतो, कारण तिथे काढताना खरंच काहीतरी हातावर ठेवावं लागतं. डेव्हिड मोयेस यांच्याशी मँचेस्टर युनायटेडने सहा वर्षांचा करार केला होता, आणि एप्रिल २०१४ मध्ये, वर्षही पुरं व्हायच्या आत त्यांना घालवलं. असा करार मध्येच मोडला की भरपाई आली. आपल्याकडेही विश्वचषक पात्रता फेरीतून भारत बाहेर पडल्यावर जून २०२४ मध्ये फुटबॉल महासंघाने राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना दूर केलं. मग भरपाईवरून भांडण झालं आणि शेवटी तडजोड. म्हणजे नारळ केवढा, यावरच घासाघीस! सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगाराला नुसता ‘ब्रेक’ मिळतो, नारळ नाही.

एक जुना वाक्प्रचार मात्र वापरात यायला हवा: अर्धचंद्र देणे. अंगठा ताणून पंजा उघडला की चंद्रकोरीसारखा आकार होतो. तो मानेला लावायचा आणि दाराबाहेर ढकलायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट चेल्सीकडून ०-३ हरला आणि शिट्टी वाजल्यावर वीस मिनिटांच्या आत अँज पोस्टेकोग्लू यांना काढल्याचं जाहीर झालं. नेमणुकीला एकोणचाळीस दिवस झाले होते. नारळ आणायलाही कुणी गेलं नसेल. याला अर्धचंद्रच म्हणावं.

आता ‘परस्परसंमती’. डिसेंबर २०१५ मध्ये चेल्सीने जोसे मोरिन्यो यांच्याबद्दल हेच शब्द वापरले होते. सात महिन्यांपूर्वीच त्यांनी लीग जिंकून दिली होती. ‘विभक्त’ हा शब्द कौटुंबिक न्यायालयातल्या अर्जासारखा वाटतो. ‘पायउतार झाले’ म्हणावं तर त्यात स्वेच्छा डोकावते, आणि ती होती की नाही हे आपण दाराआड जाऊन पाहिलेलं नसतं. अशा वेळी ‘गच्छंती’ बरी. संस्कृतातलं ‘गच्छन्ति’, म्हणजे ‘ते जातात’, हे अख्खं क्रियापद मराठीने उचलून स्त्रीलिंगी नाम करून टाकलं. त्यात कुणी घालवलं याचा पत्ता नसतो, त्यामुळे बातमीदार खोटा पडत नाही. फक्त ‘परस्परसंमतीने गच्छंती’ असं लिहू नका, वाचणारा हसेल.