वाचकांचे प्रश्न : फटीतून येणारी थंडी

प्रश्न : घोडबंदर रोडला, येऊरच्या डोंगराच्या अंगाला अकराव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बेडरूम गार पडते. स्लायडिंग खिडकी घट्ट लावूनही पायांना वारा लागतो. डबल काच बसवा, असं फॅब्रिकेटर म्हणतो. बसवावी का?

उत्तर : थंडीसाठी म्हणून तरी नको. डबल काचेमुळे काचेतून बाहेर जाणारी ऊब साधारण निम्म्यावर येते, हे खरं. पण तुम्हाला वारा लागतोय, म्हणजे ऊब काचेतून नाही, फटीतून जातेय. शिवाय दोन काचांचं जाड पॅनेल खिडकीच्या जुन्या चौकटीत बहुधा मावतच नाही, अख्खी खिडकी बदलावी लागते. (रस्त्याच्या आवाजासाठी बसवायची असेल, तर तो हिशोब वेगळा.)

आधी फट शोधा. वारा असेल अशा पहाटे पंखे बंद करा, बाकीच्या खिडक्या लावा, बेडरूमचं दार उघडं ठेवा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट सुरू करा. पेटलेली उदबत्ती चौकटीपासून दोन इंचांवर धरून सावकाश फिरवा, पडदा मात्र आधी काढून ठेवा. धूर जिथे आत ढकलला जाईल, तिथे फट. बहुतेक वेळा ती दोन ठिकाणी निघते : दोन शटर (खिडकीची सरकती काचेची दारं) मधोमध एकमेकांवर येतात ती उभी रेघ आणि खालच्या ट्रॅकचा कोपरा.

तिथल्या खाचेत केसाळ ब्रशपट्टी असते. धुळीने ती चपटी होते. जुन्या पट्टीचा तुकडा हार्डवेअरच्या दुकानात घेऊन जा. पट्टीच्या तळाची रुंदी तीच हवी, केसांची उंची मात्र फटीपेक्षा १ मिलिमीटरच जास्त. उंच केसांची पट्टी घातली, की शटर अडतं, आपण जोर लावतो आणि पट्टी खाचेतून बाहेर येते. पट्टी बदलायला शटर काढावं लागतं : ते वर उचलून खालची कड आत ओढली, की निघतं. अकराव्या मजल्यावर हे काम दोघांनी करा आणि घरातूनच. खाच जुन्या टूथब्रशने साफ करून नवी पट्टी सरकवा. ताणू नका! ताणलेली पट्टी नंतर आखडते आणि नेमका कोपरा उघडा पडतो. शटर एका बाजूला कललं असेल, तर खालचं चाक झिजलंय. ते आधी बदला, नाहीतर नव्या ब्रशचा उपयोग नाही.

चौकट आणि भिंत यांच्यामधली फट न्यूट्रल सिलिकॉनने भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन स्वस्त मिळतं, पण सिमेंटवर नीट धरत नाही. खालच्या ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला बारीक भोकं दिसतील, ती बुजवू नका. ती पावसाचं पाणी बाहेर काढण्यासाठी आहेत. आता बुजवलीत, तर जुलैत पाणी गादीपर्यंत येईल.

प्रश्न : नेरुळला आमच्या घरी १५ लिटरचा गीझर एका बाथरूममध्ये आणि नळ दुसऱ्या बाथरूममध्ये, मध्ये ८ मीटर पाइप. पाण्याची ऊब वाटेतच जाते. पाइपला काय गुंडाळावं?

उत्तर : अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइपात मीटरमागे साधारण १२० मिलिलिटर पाणी मावतं. म्हणजे तुमच्या पाइपात जवळपास १ लिटर पाणी अडकून असतं आणि दर आंघोळीआधी तेच गार येतं. एसीच्या तांब्याच्या नळीवर असते ती काळी फोमची नळी घ्या, ९ किंवा १३ मिलिमीटर जाडीची. मापात चूक होते ती इथे : अर्ध्या इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास जवळपास १६ मिलिमीटर, म्हणजे पाच सूत (५/८ इंच) भरतो. दुकानात ‘अर्धा इंच’ मागितलंत, तर नळी बसणार नाही. ती उभी चिरून चढवा, चीर आणि सांधे चिकटवा. पाइप जातात त्या डक्टमध्ये ऊन लागत असेल, तर वरून टेप गुंडाळा. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि विजेच्या जोडणीचं झाकण यांच्यावर मात्र फोम गुंडाळू नका.

याचा फायदा लागोपाठ आंघोळी होतात तेव्हा. रात्रभर पाइपात राहिलेलं पाणी फोम असूनही गारच होणार. आणि गीझर दिवसभर चालू ठेवू नका. २२ अंशांचं १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला २ किलोवॉटच्या कॉइलला वीसेक मिनिटं पुरतात.

प्रश्न : कोपरीला आमच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. काचपट्ट्यांच्या खिडकीतून थंडी येते. प्लास्टिक लावू का?

उत्तर : नाही. आजच काढा, लावलं असेल तर. बंद जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं जड वाटायला लागतं, तोवर दार उघडायचंही त्राण उरलेलं नसतं. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी हलवून घ्या. मग खिडकी खुशाल लावा.