पाळीव उंदराचे पिल्लू हात दिसताच लपून बसते. त्याला रोज बळजबरीने हातात धरून ठेवल्यास ते माणसाळेल का?

नाही. ते गप्प बसायला शिकेल, एवढेच. गप्प बसणे म्हणजेच माणसाळणे असे मानणाऱ्यांशी माझे जुने भांडण आहे, त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार आहे.

आमचे घर गुहागर तालुक्यात, नारळी-पोफळीच्या बागेत आहे. जिथे उंदरांनी शहाळी पोखरू नयेत म्हणून माडांच्या खोडांना पत्रे बांधावे लागतात, तिथे पुण्याहून पैसे मोजून दोन उंदीर आणल्यावर शेजारपाजारी काय बोलले असतील, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. मुलीच्या हट्टापायी चिकू आणि बिब्बा हे दोन नर घरात आले. दोघे एकाच आईचे, एकाच वेळी जन्मलेले, तरी चिकू आल्या आल्याच माझ्या बाहीत शिरू लागला आणि काळ्या डोक्याचा बिब्बा मात्र पिंजऱ्याची कडी वाजली तरी आत टांगलेल्या झोळीमागे दिसेनासा होई.

त्यातच गणपती आले. मुंबईहून आलेल्या मंडळींनी घर भरले, दोन्ही वेळा आरत्या, टाळ-मृदंग, अंगणात मुलांचे फटाके. आम्ही पिंजरा माजघरातून मागच्या खोलीत हलवला, तरी ‘उंदीरमामा’ बघायला येणाऱ्यांची रीघ काही थांबेना. माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी बिब्बाचे लपणे पाहिले आणि त्याला माणसात आणण्याचे काम आपल्याकडे घेतले. “अगं, तुम्ही लाड करता म्हणून तो असा आहे. मुठीत धरायचा, कितीही धडपडला तरी सोडायचा नाही, दमला की आपोआप शांत होतो,” असे म्हणत त्यांनी त्याला उचलले. बिब्बाने सुटण्याची पुष्कळ खटपट केली आणि मग तो अगदी निश्चल झाला. “झाला की नाही माणसाळ?” असे भाऊजींनी सगळ्यांना विचारले. सासुरवाडीला आलेल्या जावयाला कोणी टोकत नाही, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विरोध केला तो स्वयंपाकघरातून, म्हणजे तो कोणाच्या कानावर गेला नाही.

संध्याकाळी बिब्बाच्या डोळ्यांभोवती आणि नाकाशी लाल ओघळ दिसले. आई घाबरली, पण ते रक्त नव्हते. उंदराच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून पॉर्फिरिन हे रंगद्रव्य असलेला लालसर स्राव येतो; एरवी उंदीर स्वतःला चाटून-पुसून स्वच्छ ठेवतो म्हणून आपल्याला दिसत नाही, पण ताणात किंवा आजारपणात हा स्राव साचू लागतो. त्यानंतर बरेच दिवस मी जवळ गेले तरी तो खाणे टाकून आत पळत असे, म्हणजे जो थोडाफार विश्वास जमला होता तोही गेला.

भाऊजींचा मुद्दा असा की त्याला त्रास होत असता तर तो ओरडला असता, चावला असता. हा मुद्दा दोन कारणांनी चुकीचा आहे. पळायला वाट उरली नाही की जागच्या जागी थिजणे हीच उंदराची भीतीची प्रतिक्रिया असते. दुसरे असे की माणसाचा कान साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतच ऐकतो, आणि संकटात सापडलेल्या उंदराची दीर्घ हाक २२ हजार हर्ट्‌झच्या आसपास असते. तो ओरडत नव्हता असे म्हणण्याचा अधिकार त्यामुळे त्या खोलीतल्या कोणालाच नव्हता. खेळताना हेच प्राणी ५० हजार हर्ट्‌झच्या आसपास आखूड आवाज काढतात. जाक पँकसेप या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस उंदरांना गुदगुल्या करून हे आवाज नोंदवले होते.

आता तुमच्या पिल्लाविषयी. हात वरून घालू नका, कारण वरून येणारी सावली त्याच्या लेखी घारच असते. हात बाजूने, तळवा उघडा ठेवून न्यावा. अंगावरचे जुने सुती कापड पिंजऱ्यात ठेवल्यास तुमचा वास ओळखीचा होतो. सुटा दाणा दिला तर तो घेऊन पळतो, म्हणून दह्यात कालवलेला मऊ भात किंवा पातळ नाचणीची पेज चमच्यावर धरावी. ती चाटण्यासाठी त्याला तुमच्याजवळ थांबावेच लागते. पुढे चमच्याच्या जागी बोट येते. मग पलंगावर जुनी चादर पसरून तिथे नुसते बसून राहावे आणि अंगावर चढायचे की नाही ते त्याला ठरवू द्यावे. उचलायचेच असेल तर दोन्ही हातांनी खालून आधार द्यावा. शेपटीला धरून कधीही उचलू नये, कारण तिची कातडी सोलून निघू शकते. आमचा बिब्बा याच वाटेने परत आला. आता तो मांडीवर बसून दात करकरवतो, आणि निवांत उंदराचे ते लक्षण आहे.

तुमचे पिल्लू एकटे आहे असे प्रश्नावरून वाटते. तसे असेल तर माझ्या मते निम्मे कारण तेच आहे. उंदीर कळपात राहणारा प्राणी आहे आणि एकटा उंदीर पाळणे हा त्याच्यावर अन्याय आहे. जोडीदार मात्र त्याच लिंगाचा आणा, कारण पाच-सहा आठवड्यांतच ही पिल्ले वयात येतात.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. लाल ओघळ सतत दिसत असतील किंवा श्वासाला घरघर असेल तर तो भित्रेपणा नसून आजार असू शकतो, तेव्हा आधी पशुवैद्य गाठा. औषध पाजताना धरून ठेवावे लागते, तिथे माझा बळजबरीला विरोध नाही. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोची (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाची) साथ असते, म्हणून पिंजऱ्याला रानटी उंदरांचा संपर्क होऊ देऊ नका आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात पिंजरा सावलीत, वाऱ्याच्या जागी हवा, कारण उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही.

बिब्बा आपल्यामुळेच माणसाळला, असे भाऊजी अजूनही सांगतात. तो अंगावर चढतो ते मुलीच्या, माझ्या आणि ज्या आईला सुरुवातीला त्याची किळस वाटत होती तिच्या. भाऊजी आले की तो झोळीमागे जातो, आणि हे त्यांना बहिणीनेच एकदा सुनावले आहे.