गोचीड गाईवर कमी, भिंतीत जास्त

या खेपेला पावसामुळे सगळी पत्रं खाज, किडे आणि गोचिडांचीच आलीत. त्यातली चार घेतो, उरलेली पुढच्या अंकात.

प्रश्न: दोन जर्सी आणि एक खिलार आहे. दर आठ दिवसांनी औषध फवारतो तरी गोचीड हटत नाही. दुकानदार म्हणतो डोस वाढवा. पोरं रोज संध्याकाळी हाताने गोचीड काढून दगडावर चिरडतात, ते चालतं ना? – सांगोला

उत्तर: दादा, शेवटचं आधी, पोरांचं चिरडणं आजच बंद करा. हाताला कुठे चीर असली तर ते रक्त आत जातं, २०११ मध्ये गुजरातेत काँगो ताप (जिवावर बेतणारा) निघाला होता ना, तो गोचीड चावून किंवा ती अशी चिरडूनही माणसाला लागतो. काढायचीच तर चिमट्याने काढून रॉकेलच्या डब्यात टाका.

आता डोस. अजिबात वाढवू नका, कारण तुम्ही फक्त गाय धुताय आणि गोचीड बसलीये गोठ्यात. रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढी टंच झालेली मादी गाईवरून गळून पडते, भेगेत शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. मी एका गोठ्यात गव्हाणीमागच्या फटीत खिळा घालून फिरवला तर खसखशीसारखी तपकिरी अंडी भुरभुर खाली आली, मालक म्हणाला मला वाटलं मातीच आहे. तुम्हीपण रात्री टॉर्च घेऊन बघा एकदा. भेगा बुजवा, चुना मारा, वैरण लांब नेऊन फ्लेम गन फिरवता आली तर उत्तमच. आणि ज्या दिवशी गोठा त्याच दिवशी सगळी जनावरं, खिलार पण आणि दारातलं कुत्रं पण (कुत्र्याचं औषध मात्र वेगळं, गाईचं उरलेलं त्याच्यावर ओतू नका). खिलारीवर कमी दिसतात म्हणून लोक तिला सोडतात आणि तिथूनच परत सुरू. औषध डब्यावर लिहिलंय तेवढंच, जनावराला आधी पाणी पाजून, उन्हं उतरल्यावर, कानात, शेपटीखाली, जांघेत पोचेल असं मारायचं. तेच तेच औषध वर्षानुवर्षं मारलं की गोचीड त्याला सरावते, तेव्हा डॉक्टरांना विचारून औषधाचा गट बदला. दुभत्या गाईला आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वतःच्या मनाने तर नकोच, दुधात उतरतं. आणि जर्सीला १०४-१०५ ताप, खांद्यापुढची गाठ सुजलेली, चारा सोडलेला असं दिसलं तर तो थायलेरिया (गोचिडातून होणारा ताप) असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

प्रश्न: मुलगा होस्टेलवरून आला तेव्हापासून घरात सगळ्यांना रात्री खाज. सासूबाई म्हणतात कुत्र्यामुळे. मुलाला मलम लावलं, कमी झालं, परत आलं. – नांदेड

उत्तर: ताई, मी जनावरांचा डॉक्टर, त्यामुळे हे माझ्या चर्मरोगवाल्या बहिणीला विचारून लिहितोय. ती म्हणते रात्रीची खाज, घरात सगळ्यांना आणि बोटांच्या बेचक्यात पुरळ म्हणजे खरूजच समजा, पण एकदा दाखवून घ्या. कुत्रं बिचारं निर्दोष दिसतंय, त्याची खरूज माणसाला चावते पण अंगावर घर करत नाही. तुमची चूक एकच, मलम एकट्या मुलाला लावलं. पहिल्यांदा झाली की खाज सुटायलाच चार-सहा आठवडे लागतात, म्हणजे ज्याला खाज नाही त्याच्या अंगातही असू शकते! पाच टक्के परमेथ्रिनचं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली सुद्धा, सकाळी अंघोळ, सात दिवसांनी परत. लहान बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कपडे-चादरी गरम पाण्यात, जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा. त्यानंतरही दोन-तीन आठवडे थोडी खाज राहते, घाबरून रोज मलम चोपडू नका.

प्रश्न: कालवडीच्या डोळ्याभोवती राखाडी खपल्यांचे गोल चट्टे आले, मग माझ्या हातावर गोल. मेडिकलवाल्याने क्रीम दिलं, आठवड्यात गेलं, आता दुप्पट. – संगमनेर

उत्तर: ते गजकर्ण, कालवडीकडूनच आलं. क्रीमच्या ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा. ते स्टेरॉइड, खाज दाबतं आणि बुरशीला मोकळं रान देतं. चिठ्ठीशिवाय ते विकायचंच नसतं पण विकतात. चर्मरोगवाल्यांकडे जा, आणि चट्टा गेल्यावरही ते सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवा. कालवडीला वेगळं बांधा, हात लावताना मोजे, तिच्या खपल्या खरवडून गोठ्यात पाडू नका, त्यात बुरशी महिनोन्महिने जिवंत राहते.

प्रश्न: गल्लीतल्या कुत्र्याच्या मानेला जखम, त्यात किडे पडलेत. शेजारी पेट्रोल ओतायला सांगतात. – चिपळूण

उत्तर: नको! पेट्रोलने मांस जळतं आणि किडे आतच मरून सडतात. किड्याचं डोकं मांसात आणि श्वासाची भोकं मागच्या टोकाला, म्हणून टर्पेंटाइनचा बोळा काही मिनिटं जखमेवर धरला की गुदमरून ते वर येतात, मग चिमट्याने एकेक काढायचे. मांजर असेल तर टर्पेंटाइन नको. आधी तोंडाला पट्टी बांधा, गरीब कुत्रं पण दुखलं की चावतं, आणि चावलंच तर पंधरा मिनिटं साबणाने धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस. किडे काढल्यावर जखम धुऊन बीटाडीन, वरून माशा न बसण्याचा स्प्रे. एकदा काढून झालं असं नाही, माशीची अंडी दिवसाच्या आत फुटतात, तीन-चार दिवस रोज टॉर्च मारून खोलवर बघायला लागतं. जखम कानात शिरली असेल तर सरळ दवाखान्यात न्या. पेट्रोलची बाटली शेजाऱ्यांना परत देऊन टाका.