ध्यानाने मन ग्रहणशील होतं का? त्यासाठी डोंगरात, जंगलात जावंच लागतं का?

जावं लागत नाही. 'शांत जागा पाहिजे, निसर्ग पाहिजे' हे पालुपद मी आमच्या दाजींकडून इतकी वर्षं ऐकतोय की तुमचा प्रश्न वाचून हात शिवशिवले.

दाजी पुण्याला असतात, मोबाईलवर घंटा लावून ध्यान करतात. एका श्रावणात आले आणि म्हणाले, शहरात मन लागत नाही, कुठंतरी निवांत ने. मी त्यांना जोतिबाच्या डोंगराकडं, पोहाळ्याच्या बौद्ध लेण्यांत नेलं. काळ्या कातळातला विहार, कडेनं भिक्खूंच्या खोल्या, बाहेर धो धो पाऊस. दाजी एकदम खूश. मांडी घालून बसले. जरा वेळ गेला नाही तोवर एक म्हातारा शेरडं घेऊन आडोशाला आला. भिजलेल्या शेरडांचा वास, गळ्यातल्या घंट्या, वर म्हाताऱ्याच्या खिशात मोबाईलवर भजन. दाजी डोळे मिटूनच 'श्शू श्शू' करायला लागले. शेवटी उठून म्हणाले, "मामा, जरा तिकडं थांबता का? आम्ही ध्यान करतोय."

म्हातारा म्हणाला, "करा की. मी कुठं नको म्हणतोय?" आणि तंबाखू मळत बसला.

घरी येईपर्यंत गाडीत आमची जुंपली. दाजींचं म्हणणं, ध्यानानं मन हळवं होतं, त्याला असला कालवा सोसत नाही. मी म्हटलं, ज्या मनाला एक शेरडू सोसत नाही ते घेणार काय? तुम्हाला निसर्ग नको, कॅलेंडरवरचं चित्र पाहिजे. त्यावर म्हणाले, "तू गुऱ्हाळाशेजारी वाढलास, तुझे कान मेलेत." ते अजून लागतंय.

आता बौद्ध धर्मात काय आहे ते बघा. मज्झिम निकायात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहात, बुद्ध आपल्या मुलाला, राहुलला सांगतात, पृथ्वीसारखी भावना कर, म्हणजे पृथ्वीसारखं होऊन ध्यान कर. लोक जमिनीवर चांगलं टाकतात, तसं मलमूत्र, थुंकी, पू, रक्तही टाकतात. जमीन त्यानं विटत नाही. पुढं पाणी, अग्नी, वारा, आकाश. आनापान, म्हणजे श्वासाचं ध्यान, त्याच उपदेशात या सगळ्यानंतर येतं. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या ध्यानावरच्या उपदेशात, बसायच्या जागा दिल्यात: अरण्य, झाडाचं बूड, नाहीतर रिकामं घर. घरसुद्धा चालतं! आणि वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, कशानं सुरू झाला? भिक्खू पावसात हिंडून कोवळं गवत आणि किडामुंगी तुडवतात अशी लोकांची तक्रार आली म्हणून. तीन महिने एका जागी बसणं, हीसुद्धा निसर्गाशी जवळीकच. (आम्ही त्या दिवशी भर पावसात डोंगर तुडवत होतो, ते सोडा.)

मी काय करतो? पहाटे उसाच्या बांधावर बसतो. आधी नाकपुडीपाशी श्वास, तो ठरला की कान मोकळे. टिटवी ओरडली, ऐकली. मोटर सुरू झाली, ऐकली. 'छान' किंवा 'छे' असं मनात उठलं की तेही बघायचं आणि परत श्वासावर. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर कर्णे लावून गाणी चाललेली असतात, छातीत धडधडतं. माझा खरा अभ्यास तिथं झाला, मसाई पठारावरच्या फुलांत नाही. मन उघडतं का, तर उघडतं, पण सावकाश. कान तर नक्कीच मेलेले नाहीत.

दाजी हे वाचणार, मला माहीत आहे. जानेवारीत या. कारखाने चालू असतात, बांधावर दोघं बसू. आधी कोण उठतं ते ताईला बघू दे.

रीतसर शिकायचं असेल तर हातकणंगल्याजवळ आळत्याला धम्मालयात दहा दिवसांचं विपश्यना शिबिर असतं. पहिले तीन दिवस नुसता श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना नुसत्या बघत राहणं. मोबाईल, पुस्तक, वही सगळं जमा. अगदी नवख्यानं बांधबिंध सोडून घरातच सुरुवात केली तरी चालेल. पहिल्याच दिवशी ट्रॅक्टरशी झुंजायची गरज नाही, एवढं दाजींचं मान्य. आणि मनाच्या आजारावर गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. शिबिराच्या अर्जात तसं विचारतात, लपवू नका.