नवं पुस्तक मागवण्याआधी

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला. पहिला पगार झालाय आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकत, पात्रं रंगवत खेळायच्या खेळाची कोणती सप्लिमेंट्स, म्हणजे पुरवणी पुस्तकं, मागवू, असं विचारलंयस. यादीही पाहिली. त्यातलं एकही पुस्तक एवढ्यात घेऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. तुझं टेबल, म्हणजे तुमचा खेळणारा गट, टिकावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सप्लिमेंट वाईटच, असं अजिबात नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांतून आला, तेव्हा त्यात लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक (देवाच्या शक्तीने मंत्र चालवणारा) एवढे तीनच क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, होते. तुझा लाडका चोर आला तो १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पहिल्या सप्लिमेंटमधून, पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धाही तिथूनच. ज्याला आज आपण मूळ खेळ म्हणतो, त्यातलं बरंच काही कधीकाळी पुरवणीतलंच होतं.

पण पुस्तकं वाढत का जातात, तेही समजून घे. मूळ रूलबुक माणूस एकदाच घेतो. साहसकथेचं पुस्तक टेबलावर एकटा डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) घेतो. नवे सबक्लास (क्लासचे उपप्रकार) आणि नवे स्पेल (मंत्र) असलेलं पुस्तक मात्र डीएमसकट सगळेच घेऊ शकतात. त्यामुळे प्रकाशकाचा कल खेळाडूंना काहीतरी नवं देणाऱ्या पुस्तकांकडे झुकणारच, त्यात त्यांची लबाडी नाही. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत एकेका क्लासवर स्वतंत्र पुस्तकं निघाली. २००० साली तिसऱ्या आवृत्तीसोबत खुलं लायसन्स आलं, मग बाहेरच्या प्रकाशकांनीही ढीगभर पुस्तकं काढली. पाचव्या आवृत्तीने हात बराच आखडता घेतला: २०१४ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये बारा क्लास होते आणि पुढच्या दहा वर्षांत पूर्ण नवा अधिकृत क्लास एकच आला, जादुई वस्तू बनवणारा आर्टिफिसर. सबक्लास आणि स्पेल मात्र येतच राहिले.

खरी अडचण तिथेच आहे. नवी गोष्ट मूळ पुस्तकासोबत नीट बसते की नाही, हे तपासता येतं. आधीच्या प्रत्येक सप्लिमेंटमधल्या प्रत्येक गोष्टीसोबत ती कशी वागेल, हे कोण तपासणार? ते काम शेवटी डीएमच्या गळ्यात पडतं, म्हणजे तुझ्या.

तुझ्या यादीतलंच उदाहरण घे. २०२१ च्या ‘स्ट्रिक्सहेवन’मध्ये ‘सिल्व्हरी बार्ब्ज’ नावाचा पहिल्या लेव्हलचा स्पेल आहे. शत्रूचा वार लागला किंवा त्याचा सेव्ह (मंत्रासारख्या संकटातून वाचण्यासाठीचा फासा) यशस्वी झाला, की जादूगार मध्येच रिअ‍ॅक्शन वापरून त्याला वीस बाजूंचा फासा पुन्हा टाकायला लावतो आणि कमी आकडा धरायला लावतो. वर आपल्या एखाद्या साथीदाराला पुढच्या फाशासाठी अ‍ॅडव्हान्टेज देतो. म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा. वाचायला झकास आहे. टेबलावर काय होतं बघ: तू ‘अठरा, लागला’ म्हणतोस, सगळे श्वास रोखतात आणि तेवढ्यात ‘थांब, बार्ब्ज’. पुन्हा फासा, मग अ‍ॅडव्हान्टेज कुणाला द्यायचा यावर चर्चा. दोन जणांनी तो स्पेल घेतला असेल तर एकेका वाराला हेच. कितीतरी डीएम तो सरळ बंद ठेवतात, आणि मला ते पटतं.

आता तुझ्या टेबलाबद्दल, कारण मला जास्त काळजी त्याची आहे. तुझ्याकडे घरी तेलुगू बोलणारे दोघे आहेत, एकीच्या घरी कन्नड, आणि खेळ चालतो मराठीत. असं टेबल सोलापुरातच जमू शकतं. पण पुस्तकं सगळी इंग्रजीत. तीनशेहून जास्त पानांचं एक पुस्तक पचवायलाच त्यांच्यातल्या कुणाकुणाला महिने लागलेत. तू आणखी तीन आणलीस तर वाचणारे पुढे जातील. ज्याचं इंग्रजी वाचन सावकाश आहे, तो आपल्या पाळीला ‘तूच सांग काय करू’ म्हणायला लागेल. असा खेळाडू भांडत नाही, तक्रार करत नाही, हळूहळू येणं बंद करतो. तो गेला तर कोणतंच सप्लिमेंट त्याची जागा भरून काढणार नाही.

म्हणून आधी आहे ते पिळून काढ. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली खुला झाला. त्यातून घे, मराठीत उतरव, झेरॉक्स काढून वाट, फक्त मूळ स्रोताचा उल्लेख त्यात ठेव. प्रत्येक क्लासचं एक पान पुरे. हे काम तू केलंस तर तुझ्या टेबलासाठी ते कोणत्याही सप्लिमेंटपेक्षा मोलाचं असेल.

आणि जग उभं करायला सेटिंगचं पुस्तक कशाला हवं? सोलापूरच्या पूर्व भागातला यंत्रमागाचा कारखाना घे. रात्रपाळी चालू आहे, मागांचा खडखडाट इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तुझा चोर आत शिरतो. ऐकून ओळखण्यासाठी पहारेकऱ्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे त्याच्या पॅसिव्ह परसेप्शनमधून (न शोधता आपसूक चाहूल लागण्याच्या आकड्यातून) पाच वजा. मग एका मागाचा धागा तुटतो, तो माग थांबतो, शेजारचाही थांबतो. आवाज कमी झाला, तशी चोराची ती सवलत गेली. आता चोर काय करणार? हे सगळं मूळ नियमांत बसतं. भुईकोट किल्ल्याचा खंदक आणि शेजारचा सिद्धेश्वर तलाव घेऊन तर अख्खं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकींची सलग गोष्ट, उभं राहील.

पुस्तक कधी घ्यावं, तेही सांगतो. एकच अडचण टेबलावर पुन्हा पुन्हा येते आहे, मूळ नियमांत तिचं उत्तर नाही आणि तुम्ही स्वतः बनवलेला नियमही चालत नाही, तेव्हा घे. अधिकृत ‘अ‍ॅडव्हेंचरर्स लीग’ या सार्वजनिक खेळांच्या उपक्रमात बराच काळ एक नियम होता: कॅरेक्टर बनवताना मूळ हँडबुक आणि आणखी एकच पुस्तक. तोच तुझ्या टेबलावर लाव आणि पुढच्या सेशनच्या आधी सगळ्यांना सांग, खेळ रंगात आल्यावर नको. त्यातूनही पैसे खर्च करायचेच असतील तर एक चांगली साहसकथा घे. ती एकट्या तुलाच वाचावी लागते आणि खेळायला मिळते सगळ्यांना.

मी गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी सोलापुरात आहे. तोवर निदान चोर आणि क्लेरिक यांची मराठी पानं तयार ठेव, आपण बसून तपासू. आणि त्या कन्नडवाल्या मैत्रिणीला विचार, तिला स्पेलची नावं इंग्रजीतच हवीत की मराठीत. तिला जे सोपं जाईल तेच छाप.

तुझा,
दादा